मागच्या खिडकीतला पाइप

माणसाने आपला धूर घराबाहेर काढायला सुरुवात केली, त्या दिवशी संस्कृतीचा आरंभ झाला. हे वाक्य मी कुठे वाचलेलं नाही. अकोल्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये डोकं ठणकत असताना ते मला सुचलं, आणि काही दिवस फार आवडलंही होतं. त्यात अडचण एकच आहे. आपलं घर संपलं की 'बाहेर' सुरू होतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आमच्या भागात आपलं घर संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं.

मी मूळचा अमरावतीचा. एम.ए. झाल्यावर आपल्याला कोणीतरी बोलावणं पाठवील अशा समजुतीत काही वर्षं काढली. मग स्क्रीन प्रिंटिंग शिकलो. अकोल्याला एक शेड भाड्याने मिळत होती म्हणून तिकडे गेलो. पुढे काम, मागे प्लायवुडचा आडोसा करून खाट, पुस्तकांच्या दोन पेट्या. लग्न केलं नव्हतं. आई वारल्यानंतर सणावाराला अमरावतीला जाण्याचंही कारण उरलं नाही. दिवसभरात शटरच्या बाजूने जे लोक येत, ते कामापुरतं बोलत: रंग कोणता, अक्षर केवढं, कधी मिळेल.

आधी मी पिशव्या छापायचो, लग्नपत्रिका छापायचो. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. पेपरात वऱ्हाडातल्या बातम्या रोज येऊ लागल्या, आणि बातम्यांच्या मागून पाहुणे आले. समित्या, पथकं, पदयात्रा, मेळावे. दुसऱ्याचं दुःख पाहायला जाणाऱ्यांना एकसारख्या टोप्या लागतात, हे मला तेव्हा कळलं. टोप्यांवर भागेना तेव्हा टी-शर्ट आले. कोणत्या गावाला जायचं हे ठरायच्या आत टी-शर्टचा रंग ठरलेला असे. मी छापत होतो. नाही म्हणण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नव्हतो आणि तेवढा व्यवसायही नव्हता.

टी-शर्टला निराळी शाई लागते. कापडावर ती जाड, चकचकीत बसते, आणि वाळत नाही. अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हात वाळत नाही अशी बहुधा जगात ती एकच वस्तू असावी. छतावर पापड तासाभरात कडकडीत व्हायचे, पण टी-शर्टवरचं अक्षर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागायचं. तिला ऊन नको, भट्टी हवी. म्हणून मी सुरतेहून एक जुनं ड्रायर मशिन आणलं. पत्र्याचा लांब बोगदा, त्यात सरकता पट्टा. एका तोंडातून ओला टी-शर्ट आत जायचा, दुसऱ्या तोंडातून गरम होऊन बाहेर यायचा. मधल्या वेळात शाईचा जो काही आत्मा असेल तो बोगद्याच्या माथ्यावरच्या गोल भोकातून खोलीत यायचा. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की तो पाइपने बाहेर सोडावा. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या देशात बाहेर कोणी राहत नसावं.

शेडच्या एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला गादीवाला. दोन्ही भिंती सामाईक. पुढचं शटर उघडं ठेवलं तर रस्त्याची धूळ आणि गादीवाल्याचा कापूस ओल्या छपाईवर येऊन बसायचा. पत्र्याला भोक पाडायचं नाही, ही तर मालकाची एकमेव अट. राहिली मागच्या भिंतीतली खिडकी.

त्या खिडकीतच अडचण होती, कारण तिथे चाचा येत.

चाचा म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. माझ्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं अंगण होतं आणि खिडकी त्या अंगणात उघडायची. बायको वारली होती, मुलगी अमरावतीला दिलेली. रोज चारच्या सुमाराला ते खिडकीशी यायचे. मी आतून चहा द्यायचा, त्यांनी बाहेरून पेपर द्यायचा. पेपर त्यांनी सकाळीच वाचलेला असे, त्यामुळे तो मला वाचावा लागत नसे. सगळा तेच सांगत.

"वाचलं का? पाहनी करून राहिले म्हने. मोटारीच्या काचा वर करून पाहनी. आमी पोरायले नकाशे शिकवले तसं हाय हे. वर्धा नदी कुठून येते, पोरगा बराबर सांगे. नदी पाह्यली काय, तर नाही."

"टोप्या मीच छापल्या चाचा, त्या पाहणीच्या."

"मग तं तुमी बी सरकारच झाले भाऊ. एक मले बी ठेवा. ऊन लय हाय."

एवढंच. कधी पंधरा मिनिटं, कधी तास. कधी दोघांपैकी कोणीच बोलत नसे आणि मधे गज असल्यामुळे त्याचं काही वाटत नसे. पण दिवसभरात माणसाशी माणूस बोलतो तसं माझं बोलणं तेवढंच होतं. खिडकीत पाइप घातला तर चाचांना उभं राहायला जागा राहणार नव्हती. नाही घातला तर मला काम करता येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरत, घशाला कोरड पडे, आणि डोकं असं धरायचं की पुस्तक उघडलं तरी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचो. मी महिनाभर चालढकल केली. चाचांनीच विषय काढला.

"तुमचा चेहरा असा काहून दिसून राह्यला? आजारी मानूस दिसते."

मी मशिनचं सांगितलं. त्यांनी खिडकीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"वरच्या झडपेतून काढा. खालची आपल्याले पुरे."

"अंगणात वास येईल चाचा."

"अहो भूगोल शिकवला म्या. हवा इकडून तिकडे जाते," त्यांनी हात पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला. "तुमचा धूर संध्याकाळी मूर्तिजापूरले चहा प्याले जाईन."

मला भूगोल येत नव्हता. मी मान डोलावली.

पाइप करायला कूलरवाल्याला बोलावलं. अकोल्यात पत्र्याचं काम करणारा प्रत्येक माणूस मुळात कूलरवाला असतो. होळी झाली की तो कूलरशिवाय दुसरा विचार करत नाही. त्याने बोगद्याच्या माथ्यावर पत्र्याचं नरसाळं बसवलं, वळणासाठी कोपर लावला, वरच्या झडपेत पंखा बसवला आणि ऐटीत बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग बाहेरचं वारं पाइपातून आत आलं, बोगद्यातली सगळी वाफ घेऊन खोलीत पसरलं, आणि पट्ट्यावरचा एक टी-शर्ट उडून माझ्या पुस्तकांच्या पेटीवर पडला.

"पंखा उलटा लावला तुमी," मी म्हणालो.

"उलटा कसा? हवा येऊन राह्यली ना जोरात!"

"मले बाहेर पाह्यजे हवा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "बाहेर काहून? बाहेर का कमी हाय?"

आयुष्यभर त्याने लोकांच्या घरात हवा आणली होती. पैसे देऊन हवा घराबाहेर घालवणारा मी त्याला पहिलाच भेटलो होतो. खिडकीबाहेर चाचा हसत उभे होते. "लाव बाबा उलटा," ते म्हणाले, "ह्या साहेबाचं सगळंच उलटं हाय. शिकले साहित्य अन् छापतात टोप्या." त्याने पंखा फिरवून लावला. वाफ निमूट निघून गेली. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी वीस पानं सलग वाचली.

पुढचा महिना चांगला गेला. वर पाइप गुरगुरायचा, खाली चाचा बोलायचे. पाइपाला ते तोफ म्हणत. "आज तोफेनं कोनाले सलामी दिली?" असं विचारत. मी टी-शर्टावरचा मजकूर सांगायचो. त्या दिवसांत एका समितीचं मोठं काम आलं होतं. सगळ्या टी-शर्टांच्या छातीवर एकच शब्द होता, 'दिलासा', आणि खाली समितीचं नाव. नाव त्या शब्दाच्या दुप्पट मोठं.

मग अक्षय्य तृतीया होऊन ऊन चढलं, आणि चाचा यायचे थांबले.

पहिल्या दिवशी वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या दिवशी केलेला चहा मीच प्यालो, दोन्ही कप. त्यानंतर पाहिलं तर अंगणापलीकडच्या त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं, खिडकीत कूलर सुरू, म्हणजे माणूस घरात. मी हाक मारली. कूलरच्या आवाजात ती गेली असावी. परत मारावी असं वाटलं नाही. माणूस येत नाही याचा अर्थ त्याला यायचं नाही, असा मी सरळ हिशेब केला, आणि मग कारण शोधत बसलो. एकट्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या भूगोलाची थट्टा केली होती, ती लागली असेल. टी-शर्टांचं सारखं बोलतो, त्याचा कंटाळा आला असेल. किंवा इतकी वर्षं ते केवळ चहासाठी येत असतील. हे कारण मला सगळ्यात पटलं, कारण ते सगळ्यात वाईट होतं.

चार वाजले की मी मशिनचा पट्टा थांबवायचो. काही दिवसांनी थांबवेनासा झालो. रेडिओ लावून पाहिला. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, दोन माणसं एकमेकांना ठरलेले प्रश्न विचारायची. तरी ती दोन होती.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्याकडे जायला निघालो, आणि तेव्हा लक्षात आलं की मला त्यांचं घर माहीत नाही. खिडकीतून ते हाताच्या अंतरावर होतं. पण आमची शेड एका रस्त्यावर आणि त्यांचं दार दुसऱ्याच गल्लीत. चक्कीला वळसा, मशिदीला वळसा, मग एक बोळ. तिथे सगळी दारं सारखी. एका दारात बाई डाळ निवडत होती, तिला विचारलं.

"मास्तर कोणते? इथं तीन मास्तर हायेत."

"उर्दू शाळेतले. भूगोलाचे."

"लंगडतात ते?"

मला सांगता येईना. इतक्या वर्षांत मी त्यांना कमरेपासून वरच पाहिलं होतं.

लंगडतात तेच निघाले. त्यांनी दार उघडलं, क्षणभर मला ओळखलं नाही, मग म्हणाले, "अरे! तुमाले पाय बी हायेत का?"

आत बसलो. खोलीत गार वारं येत होतं. कूलरच्या पुढ्यातच त्यांनी मला बसवलं, पाहुण्याला बसवतात तसं. पहिला झोत तोंडावर आला आणि मी ओळखला. ओल्या वाळ्याचा वास, आणि त्यात भिजून, थंड होऊन, माझी शाई. अंगणाला चारही बाजूंनी भिंती. मूर्तिजापूरला निघालेलं वारं त्या भिंतींमध्येच फिरत राहायचं, आणि कूलर तर अंगणातली हवा ओढण्यासाठीच ठेवलेला. माझी तोफ एका टोकाला सोडायची, त्यांचा कूलर दुसऱ्या टोकाला घ्यायचा. दोन पंख्यांनी मिळून माझ्या खोलीतली हवा व्यवस्थित त्यांच्या खोलीत नेऊन पोचवली होती.

त्यांना खोकला येत होता आणि तो ते चहाच्या घोटामागे लपवत होते.

"चाचा, हे कधीपासून?"

"काय? हे? अत्तर हाय भाऊ तुमचं. फुकट मिळून राह्यलं."

"बोलले का नाही मले?"

"काय बोलू? बोललो तं तुमी मशिन बंद करसान. मंग खासान काय, पुस्तकं? मशिन बंद तं तुमी गेले. कूलर बंद तं ह्या उन्हात मी गेलो. म्हनलं, बीच का रास्ता निकालो. अंगनात यायचं बंद केलं, दार लोटून घेतलं."

"मले वाटलं तुमी रागावले."

"मी? तुमच्यावर?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मले वाटलं तुमाले समजलं असंन, म्हनून तुमी आवाज देत नाही."

दोघेही शिकलेले होतो.

मुलगी बोलावत होती, चाचा उन्हाळाभर अमरावतीला जाणार होते. मी म्हणालो, तुम्ही परत येईपर्यंत पाइप वर पत्र्यातून काढतो, अंगणात टिपूसभरही वास येणार नाही. "काढा," ते म्हणाले. "तुमचा मालक भोक पाडू देईन का?"

मालकाने पाडू दिलं. तो त्या वर्षी नगरसेवकपदाला उभा राहणार होता आणि त्याला बॅनर हवे होते. लोकशाहीचा मला झालेला एवढाच प्रत्यक्ष फायदा मी नमूद करून ठेवतो. कूलरवाला पुन्हा आला. पाइप सरळ वर नेला, पत्र्याच्या भोकाभोवती डांबर थापलं, पावसासाठी वर टोपी बसवली. या वेळी पंखा मोठा आणि बरोबर बाजूने. खोलीतला वास इतका गेला की मला मशिन बंद आहे की काय असं वाटलं.

मशिन बंद नव्हतं, पण जवळजवळ तसंच होतं. मोठा पंखा धुराबरोबर बोगद्यातली उष्णताही ओढून घेत होता. टी-शर्ट कोमट होऊन बाहेर येत होते, शाई वरून वाळलेली आणि आतून कच्ची. हे मला कळलं तोवर समितीच्या टी-शर्टांचा शेवटचा गठ्ठा तसाच गेला होता. पहिल्या धुण्यात 'दिलासा' निघून गेला असणार, समितीच्या नावासकट. कोणाची तक्रार आली नाही. समिती दुसऱ्यांदा आली नव्हती. मग कूलरवाल्याने पाइपात पत्र्याची एक पट्टी बसवून दिली, ती फिरवून ओढ कमी-जास्त करता येते.

मग पाऊस आला, पेरण्या झाल्या, काही उलटल्या, पुन्हा झाल्या. चाचा आले नाहीत. गल्लीतल्या त्या बाईकडून मी मुलीच्या घराचा नंबर घेतला आणि एसटीडीवरून फोन केला. फोनवर आमचं जमेना. ते "और?" म्हणायचे, मी "बाकी ठीक" म्हणायचो. खिडकीत गप्प राहता येतं. फोनवर गप्प राहिलं की समोरचा "हॅलो, हॅलो" करतो.

दिवाळीच्या आसपास मी कागद घ्यायला अमरावतीला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. मुलीचं घर मोठं होतं. बैठकीत सोफा, टीव्ही, त्यावर विणलेलं कापड. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून सोफ्याच्या कडेला बसले होते, जणू तेही पाहुणे. जावई आत आला तेव्हा त्यांनी माझी ओळख करून दिली.

"हे आमचे मागचे."

जावयाला अर्थ लागला नाही, पण त्याने आदराने मान हलवली आणि आत गेला. फराळ आला. टीव्हीवर कापसाच्या भावाबद्दल चार माणसं भांडत होती, आवाज बंद केलेला होता. चाचांनी त्यांच्याकडे पाहून काहीतरी बोलावं म्हणून मी वाट पाहिली. ते बोलले नाहीत. हिवाळा होता, तरी खोकला राहिलेला होता.

"धूर कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"वरून जाते आता. मी स्वतः अंगणात उभा राहून पाह्यलं. काहीच वास नाही."

"अंगनात कसे गेले तुमी?"

"गल्लीतून. त्या बाईपाशी किल्ली होती."

"अच्छा झालं. अच्छा केलं तुमी." मग ते टीव्हीकडे पाहत म्हणाले, "ते घर देऊन टाकलं भाऊ. पोरगी म्हने, एकट्यानं काहून राहता. बियान्याच्या दुकानवाल्याले पाह्यजे होतं, गोदामासाठी. मी हो म्हनलं. धुरामुळे नाही हां. तसं मनात आनू नका."

मी आणलं नाही असं म्हणालो. ते दारापर्यंत सोडायला आले. पूर्ण उंचीचे, लंगडत. मला त्याची सवय नव्हती. फाटकाशी त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. मग आतून मुलीने "अब्बा, थंडी हाय" अशी हाक मारली.

त्या अंगणात आता बियाण्याची पोती असतात. गोदामवाला आठवड्यातून एकदा येतो, पोती मोजतो आणि जातो. तो कूलर लावत नाही. मागची खिडकी मी काही दिवस बंद ठेवली होती. कूलरवाला पंख्याला तेल द्यायला आला तेव्हा त्याने ती उघडली आणि माझ्यावर चिडला. आत हवा आल्याशिवाय बाहेर जाणार कशी, असं त्याचं म्हणणं. ते खरं निघालं. खिडकी उघडी असली की पाइप जास्त चांगला ओढतो. धूळ येते, म्हणून तिला मी जाळी ठोकली आहे.